आमच्या घरचा गड्डा

कुंडी घरात आली त्या दिवशी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चष्मा चढवून पानं उलटीपालटी केली आणि विचारलं, "ह्याच्या वड्या होतात का गं?"

प्रश्न रास्त होता. पान थेट अळूचंच. तसंच बदामाच्या आकाराचं, तसाच देठ काठाला न चिकटता पानाच्या पोटाला चिकटलेला, पाण्याचा थेंब पडला की तसाच मोत्यासारखा घरंगळणारा. फक्त मधला सगळा भाग गुलाबी, त्यात गडद लाल शिरा आणि कडेला बोटभर हिरवा काठ. इरकलीला असावा तसा. होटगी रोडच्या रोपवाटिकेतल्या मामांनी 'कलर अळू' म्हणून १८० रुपयांना दिलं होतं. त्यांच्याकडची बरीच रोपं तिकडून आंध्रातून, राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतात. खरं नाव कॅलेडियम आहे हे मला घरी येऊन कळलं, आणि वड्या होत नाहीत हेही. अळूच्याच कुळातलं आहे, पण खायचं नाही. अळूत घसा खवखवणारे जे सुईसारखे बारीक स्फटिक असतात तेच यातही असतात. अळू आपण चिंच घालून, शिजवून खातो. हे मात्र शिजवूनही खाण्यातलं नाही. धाकटीला त्याच दिवशी दम भरला की पान तोंडात घालायचं नाही, आणि शेजारच्यांच्या मांजरीची गॅलरीतली ये-जा बंद केली.

आमचा फ्लॅट विजापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर. हॉलची खिडकी पूर्वेला आणि गॅलरी पश्चिमेला. सोलापुरात पश्चिमेची गॅलरी म्हणजे काय ते ज्याची आहे त्यालाच ठाऊक. दुपारी चारला कपडे वाळत घातले तर साडेचारला पापड काढल्यासारखे काढून घ्यावेत. मला वाटलं उष्ण प्रदेशातलं झाड आहे, त्याला ऊन आवडत असेल, म्हणून पहिले दोन दिवस कुंडी गॅलरीत ठेवली. जून होता, ढग होते, तरी तिसऱ्या दिवशी गुलाबी भागात कागद जळावा तशी तपकिरी भोकं पडली. हिरव्या काठाला काही झालं नव्हतं. पानाचा जो भाग रंगीत असतो तिथे हरितद्रव्य कमी, आणि उन्हाला तोंड द्यायची ताकदही कमी. पांढऱ्या पानांच्या जाती तर याहून नाजूक. मूळची ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. उष्णता हवी, उजेड हवा, पण ऊन गाळून हवं.

मग कुंडी पूर्वेच्या खिडकीत आली आणि तिथे तिचं बस्तान बसलं. सकाळी साडेसहा ते आठ कोवळं ऊन, नंतर दिवसभर नुसता उजेड. मधे पाहुणे आले म्हणून दहा-बारा दिवस टीव्हीच्या बाजूच्या कोपऱ्यात सरकवली, तर नवं आलेलं पान लांबलचक देठाचं आणि जवळजवळ हिरवंच निघालं. पुन्हा खिडकीत आणल्यावर पुढचं पान गुलाबी.

नवं पान येताना बघणं हा त्या पावसाळ्यात माझा उद्योग झाला होता. आधी जुन्या देठाच्या बुडाशी एक चीर दिसते. तिच्यातून पेन्सिलीच्या टोकासारखी गुंडाळी वर येते, घट्ट, पानाची विडी वळल्यासारखी. दोन दिवस ती नुसती उंच होत राहते. तिसऱ्या दिवशी सकाळी एक कड सुटलेली असते आणि आतला रंग दिसतो, ओल्या टिश्यू पेपरसारखा पातळ. उजेडासमोर धरलं तर आपल्या बोटाची सावली पलीकडून दिसते. संध्याकाळपर्यंत पान उघडतं, पण अजून लोंबतं. ताठ व्हायला आणखी एक दिवस लागतो. एकदा माझ्याने राहवलं नाही आणि मी गुंडाळी बोटाने सोडवायला गेले. ते पान आयुष्यभर चुरगळलेलंच राहिलं.

ऑगस्टमध्ये टोकं जळायला लागली. ऊन नाही, कीड नाही, पाणी वेळेवर. तरी प्रत्येक पानाच्या टोकाला तपकिरी कड आणि कुंडीच्या काठावर पांढरी पुटं. मी स्वतःच्या हुशारीवर खूश होते त्याच गोष्टीने घात केला होता. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे घरात थेंबाथेंबाचा हिशेब. स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं बाहेर पडणारं पाणी मी बादलीत धरायचे आणि त्यावर झाडं जगवायचे. काटकसरही झाली आणि झाडंही जगली, असं मी शेजारणींना सांगायचेही. फिल्टरच्या सर्व्हिसिंगला मुलगा आला तेव्हा त्याने खिशातला पेनासारखा मीटर आधी पिण्याच्या पाण्यात आणि मग माझ्या बादलीत बुडवून दाखवला. "मॅडम, सगळा क्षार इकडंच येतो की. चांगलं पाणी तुम्ही पिता, उरलेलं झाडाला." आमच्या टाकीत बोअरचं पाणीही मिसळतं. ते मुळातच जड. फिल्टर त्यातला क्षार काढून उरलेल्या पाण्यात कोंबतो. ते कुंडीत घातलं की पाणी उडून जातं, क्षार मातीत साठतो, आणि मग ओल्या मातीतूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. पाण्यात उभं राहून झाड तहानतं.

त्या दिवसापासून बादली फरशी पुसायला. झाडाला पिण्याच्या पाण्यातला एक तांब्या. पावसात गॅलरीत घमेलं ठेवून धरलेलं पाणी मिळालं तर फारच छान. आधी साठलेला क्षार धुवायला कुंडी मोरीत ठेवून तीन-चार तांबे पाणी हळूहळू आरपार जाऊ दिलं. जळलेली टोकं काही परत हिरवी झाली नाहीत, पण नंतरची पानं स्वच्छ आली.

इथवर सगळं ठीक होतं. दिवाळी झाली आणि झाड बसायला लागलं.

आधी बाहेरचं एक पान पिवळं पडलं, मग दुसरं. देठ मऊ होऊन कुंडीच्या काठावर मान टाकायचे. नवी गुंडाळी येणं बंद. मी घाबरले. घाबरल्यावर माणूस जे करतो ते सगळं केलं. पाणी वाढवलं. गांडूळ खत घातलं. थंडी बाधत असेल म्हणून पाण्यात थोडं गरम पाणी मिसळलं. ह्यांनी कुठूनतरी ऐकून एक पांढरं दाणेदार खत आणलं, तेही चिमूटभर घातलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या नजर लागली. तेवढा एक उपाय करायचा राहिला. डिसेंबरअखेर एकच पान उरलं, तेही विटलेलं, आणि मातीला नाल्यासारखा वास यायला लागला.

जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा आली. शहरात नंदीध्वजांची गडबड, रस्ते बंद, धाकटीचा रोज एकच हट्ट. मी सुतकी चेहऱ्याने कुंडी रिकामी करायला बसले, तेवढ्यात आई आतून आल्या आणि म्हणाल्या, "गड्डा कुठंय?"

हे पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "होम मैदानावर. कुठं असणार?"

आईंचं माहेर वाळवा तालुक्यातलं, हळदीचं रान. त्यांच्या भाषेत गड्डा म्हणजे जमिनीतला कंद. ह्यांचा जन्म सोलापूरचा, इथे गड्डा म्हणजे जत्रा, पाळणे, भाग्यश्री बटाटेवडा. चाळीस वर्षं एका घरात राहून मायलेकरांचा हा शब्द जुळलेला नाही. पण आईंचा प्रश्न बरोबर होता. मला तोवर कंदाचा पत्ताच नव्हता. मी पानांकडे बघत होते. खाली काहीतरी आहे ज्याच्यावर पानं येतात, हे डोक्यातच आलं नव्हतं.

माती उपसली. ही मूळची रोपवाटिकेतली लाल चिकण माती, आणि तिच्याभोवती मी भरलेली आपली काळी. काळी माती कापसाला, ज्वारीला सोनं असेल, कुंडीत ती पाणी धरून बसते. आत कंद होता. उकडून जास्त झालेल्या बटाट्यासारखा, बोट लावलं की आत जाणारा, वास तर विचारू नका. मी उचलून टाकणार, तेवढ्यात आईंनी खाली बसून विळीवर त्याचं ऑपरेशन सुरू केलं. मऊ भाग कापत गेल्या. शेवटी सुपारीएवढा एक तुकडा राहिला, कडक, आतून फिकट पिवळसर, एका बाजूला फुगीर डोळा.

"किती पाणी पाजलंस गं?" मग कापलेल्या बाजूला उदबत्तीची राख चोळता चोळता म्हणाल्या, "आमच्याकडं हळदीचा पाला वाळला की हळद मेली म्हणत न्हाईत. हळद भरली म्हणतात. मग पाणी तोडायचं. तू तर तिला झोपेत पाणी पाजलंस."

नंतर मी वाचलं ते यापेक्षा निराळं नव्हतं. कॅलेडियमला कोरड्या ऋतूत विश्रांती घ्यायची सवय आहे. दिवस लहान झाले, रात्री गार झाल्या, की ते पानांतलं सत्त्व खाली कंदात ओढून घेतं आणि पानं सोडून देतं. सोलापूरची थंडी ती काय, पहाटे पंधरा-सोळा अंश. पण त्याला तेवढी पुरते. या काळात मुळं पाणी ओढत नाहीत. तेव्हा घातलेलं प्रत्येक तांब्याभर पाणी नुसतं कंदाभोवती साचतं. म्हणजे झाड दिवाळीनंतर मरत नव्हतंच. ते मी मारलं. आईंचे हात त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सुरण कापल्यासारखे खाजत होते. चिंच चोळली, खोबरेल लावलं. पुढे कंद हाताळताना मी हातमोजे घालते. आई अजूनही घालत नाहीत.

तो सुपारीएवढा तुकडा दोन दिवस सावलीत सुकवला आणि लाकडाच्या भुशात, पुठ्ठ्याच्या खोक्यात कपाटावर ठेवला. प्लास्टिकच्या डब्यात ठेवायला निघाले होते, आईंनी नको म्हटलं, बेण्याला वारा लागतो. फ्रीजमध्येही चालत नाही, गारठ्याने कंद आतून खराब होतो. मग आम्ही सगळे त्याला विसरलो.

पाडव्याला कपाटावरचं आवरताना खोकं सापडलं. कंद थोडा सुरकुतला होता, पण डोळा गुलाबी झाला होता. लगेच लावावंसं वाटलं. आई म्हणाल्या, अक्षय तृतीयेला. हळदीचा मुहूर्त तोच. मला मुहूर्ताचं फारसं काही नाही, पण माती तापलेली असली की कंद लवकर उठतो हे खरं, आणि एप्रिलअखेर सोलापुरात माती तापवायला वेगळं काही करावं लागत नाही. यावेळी काळ्या मातीला हात लावला नाही. कोकोपीट, जुनं गांडूळ खत, जाड रेती आणि कोळशाचा थोडा चुरा. सहा इंची कुंडी, बुडाची भोकं मोकळी, कंद दोन इंच खोल. एकदाच पाणी आणि मग नुसती ओल राहील इतपत शिंपण.

त्यानंतरचे तीन आठवडे मी शहाण्यासारखी वागले असं म्हणता येणार नाही. दोनदा उकरून पाहिलं. दुसऱ्यांदा आईंनी पाहिलं आणि कुंडी स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली. तीन आठवड्यांनी कोंब दिसला, कुंडीच्या मधोमध नाही तर अगदी काठाला चिकटून, तिरपा. कारण कंद मी उलटा लावला होता. डोळा खाली. बिचारा खाली निघून, वळसा घालून, बाजूने वर आला होता.

मे महिना कसा निघेल याची धास्ती होती. बाहेर ४३. दमट हवेतलं झाड आणि आपल्याकडे दुपारची हवा भट्टीतून आल्यासारखी. पण हॉलमध्ये आमचा डेझर्ट कूलर चालतो, आणि कूलर म्हणजे ओल्या जाळीतून ओढलेली हवा. ज्याने आपला घामट चिकचिकाट होतो त्यानेच कॅलेडियम खूश. एसीच्या खोलीत हवा कोरडी होते. तिथे ठेवलं असतं तर पानांच्या कडा वाळल्या असत्या. अट एकच, कूलरच्या तोंडासमोर नाही. एकदा पाहुण्यांसाठी कूलर फिरवला आणि झोत सरळ कुंडीवर गेला. दोन दिवसांत त्या बाजूच्या पानांच्या कडा चिरल्या. आता कुंडी कूलरच्या बाजूला, भिंतीच्या आडोशाने असते. दोन पेरं बोट मातीत घालून बघते. वरची माती कोरडी लागली तरच पाणी. मेमध्ये जवळजवळ रोज लागायचं, जुलैत तीन-चार दिवसांनी.

जूनच्या सुरुवातीला आम्ही आठ दिवस पुण्याला गेलो. कूलर बंद, खिडक्या बंद, पाण्याची सोय म्हणून कुंडीत बाटली उलटी खोचलेली. परत आलो तर पानांवर चंदेरी ठिपक्यांचा मारा आणि मागे बारीक जाळी. लाल कोळी. कोरड्या कोंडलेल्या हवेत त्याची चंगळ होते. बाथरूममध्ये नेऊन प्रत्येक पान, विशेषतः मागून, तळव्यावर धरून धुतलं. मग पाच-पाच दिवसांनी संध्याकाळी कडूनिंबाच्या तेलाचा पातळ फवारा, आधी एका पानावर करून बघून, कारण या पानांना तेल सोसेलच असं नाही. दोन पानं गेली, बाकीची राहिली.

जूनमध्ये हौस वाढली आणि मी आणखी तीन कंद मागवले. फ्लोरिडातलं लेक प्लॅसिड नावाचं गाव कॅलेडियमचं बेणं पिकवण्यासाठी जगात प्रसिद्ध आहे. आपल्याकडे शेताशेतातून हळद दिसते तशी तिथे ही रंगीत पानांची शेतं असतात. माझे कंद कुठले होते देव जाणे, पुडीवर फक्त 'पांढरा', 'लाल' आणि 'मिक्स' लिहिलं होतं. त्यातल्या लालच्या मधला मोठा डोळा चाकूच्या टोकाने कोरून काढला. असं केलं की आजूबाजूचे लहान डोळे जागे होतात, पानं जराशी लहान पण पुष्कळ येतात आणि कुंडी भरगच्च दिसते. चाकू चालवताना पोटात गोळा आला होता, पण लालची कुंडी तिघांत सगळ्यात देखणी झाली. 'मिक्स' आलाच नाही. पांढऱ्याने ऑगस्टमध्ये फूल काढलं, अळूला येतं तसं, पांढरट नागफणीत उभा दांडा. धाकटीला ठेवायचं होतं. मी कापलं. फूल पोसण्यात कंदाची ताकद जाते आणि मला कंद हवा होता. दोन दिवस घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. खत मात्र यंदा अगदी बेताने, महिन्याला मूठभर गांडूळ खत. नत्र जास्त झालं की पानं हिरवीकडे झुकतात.

आणि पुन्हा दिवाळी झाली, पुन्हा बाहेरचं पान पिवळं पडलं.

माहीत असून जमत नव्हतं. रोज सकाळी तांब्या हातात यायचा आणि मी तो परत ठेवायचे. चौथ्या दिवशी आईंनी तांब्याच उचलून नेला. पानं पिवळी पडली तरी तोडली नाहीत. आपोआप वाळेपर्यंत ती कंदाला काहीतरी देत असतात. हॉलची शोभा गेली. पाहुणे विचारायचे, झाड गेलं का? पहिल्यांदा मी सगळं समजावून सांगायचे. नंतर नुसतं 'झोपलंय' म्हणायचे.

यंदा संक्रांतीच्या आदल्या दिवशी कुंड्या उलट्या केल्या. माती भुसभुशीत, कोरडी, वास काही नाही. गेल्या वर्षीचा सुपारीएवढा तुकडा लिंबाएवढा झाला होता आणि अंगाला दोन पिल्लं धरली होती. आईंनी हातावर तोलून पाहिला, खालची मुळं चोळून काढली आणि म्हणाल्या, "हा जेठा गड्डा. हा हलवायचा न्हाई, बेण्याला." लालचे पाच निघाले, पांढऱ्याचा एकच, पण टणक. राख, भुसा, पुठ्ठ्याचं खोकं. स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवलं, तिथे ऊब असते म्हणून.

दुसऱ्या दिवशी नणंद यात्रेला आली. दुपारी मी आडवी झाले होते. स्वयंपाकघरातून तिची हाक आली, "वहिनी, ही ओली हळद किसून ठेवू का लोणच्याला?" मी उठेपर्यंत आई तिथे पोचल्या होत्या. किसणी एका हातात, खोकं दुसऱ्या हातात. आता ते खोकं कपाटावर आहे आणि त्यावर आईंच्या मोठ्या, थरथरत्या अक्षरात स्केचपेनने लिहिलंय: गड्डा. खायचा नाही. तीजेला लावणे.